मेंदूचा स्कॅन, मशीनचा अंदाज आणि आपल्या घरातला आजार

गेल्या काही महिन्यांपासून येडशी आणि आसपासच्या गावांतली तरुण मुले आम्हाला मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात. प्रत्येकाचा व्हिडिओ वेगळा, दावा मात्र एकच. एमआरआय मशीन, निळा-तांबडा फिरणारा मेंदू आणि खाली मोठ्या अक्षरांत मजकूर, की आता आर्टिफिशियल इंटेलिजन्स मेंदूचा स्कॅन पाहून मानसिक आजार ओळखणार. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. "ताई, सोलापूरला नेऊन स्कॅन केला तर दादाला नेमकं काय झालंय ते कळेल का?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन भागत नाही, कारण त्यामागे पैसा आहे आणि माणूसही आहे. गावात काम करताना आम्हाला दोन प्रकारची घरे भेटतात. पहिल्या घरातला मुलगा महिनोन् महिने कुणाशी बोलत नाही, एकटाच पुटपुटतो, रात्रभर जागा असतो. कुणीतरी सांगते, डोक्याचा फोटो काढा. घरचे दोन शेळ्या विकतात, उसनवारी करतात, बार्शी किंवा लातूर गाठतात. रिपोर्टवर 'नॉर्मल' असे लिहून येते. दुसऱ्या प्रकारचे घर म्हणजे बहुतेक वेळा तेच घर, महिनाभरानंतरचे. "मेंदूत काही नाही म्हणाले, म्हणजे हा नाटकच करतोय," असे म्हणून गोळ्या बंद केलेल्या असतात. कुठे कुठे हातही उगारला जातो.

म्हणून स्कॅनमध्ये काय दिसते, मशीन त्यात काय शोधते आणि आज त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. लोक आधी आपल्यालाच विचारतात, डॉक्टरला नंतर.

साध्या एमआरआयमध्ये मोठ्या चुंबकाच्या साहाय्याने मेंदूच्या रचनेचे चित्र मिळते. गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताची जागा, जंताच्या अळ्यांमुळे मेंदूत झालेल्या पुटकुळ्या, असे बरेच काही त्यात दिसते. एखाद्याचे वागणे अचानक बदलले, सोबत झटके येत असले किंवा डोके सतत दुखत असले, तर मानसोपचारतज्ज्ञ एमआरआय करायला सांगतात ते यासाठी. थायरॉईड आणि बी-१२ च्या रक्ततपासण्या सांगतात त्याही यासाठीच. दुसरे काही कारण तर नाही ना, एवढे त्यातून पाहायचे असते. 'नॉर्मल' रिपोर्टचा अर्थ, ते दुसरे कारण सापडले नाही. आजार नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

सिझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य, बायपोलर हे आजार एका माणसाच्या स्कॅनकडे डोळ्यांनी पाहून ओळखता येत नाहीत. मेंदूत फरक असतो, पण तो सरासरीतला. १९७६ साली ब्रिटनमध्ये ईव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन वापरून दाखवले, की दीर्घकाळ सिझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या इतरांपेक्षा मोठ्या असतात. पुढे हजारो लोकांच्या एमआरआयवर असे आणखी फरक सापडत गेले. पण पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते म्हणून नुसत्या उंचीवरून पुरुष की बाई हे कुणी सांगू शकत नाही. तसेच हे आहे. रुग्णांचे आणि निरोग्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की सरासरीचा एका माणसासाठी उपयोग होत नाही.

मशीन लर्निंगचे काम इथून सुरू होते. एक फरक पुरेसा नसेल तर हजारो बारीक फरक एकत्र मोजून पाहू, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडच्या बाजारात उस्मानाबादी शेळीकडे नुसते पाहून "एवढे किलो भरेल" असे सांगणारे जुने व्यापारी आहेत. त्यांना हे कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही. आयुष्यभर शेळी पाहायची, अंदाज बांधायचा, मग काट्यावर चढवायची आणि अंदाज किती चुकला ते पाहायचे. असे हजारदा झाले की नजर बसते. मशीन लर्निंग हेच करते. कॉम्प्युटरला शेकडो स्कॅन देतात आणि प्रत्येकासोबत उत्तरही देतात, हा रुग्णाचा, हा निरोगी माणसाचा. कॉम्प्युटर अंदाज बांधतो, चुकतो, आतले हिशेब थोडे बदलतो, पुन्हा अंदाज बांधतो. शेवटी त्याने कधी न पाहिलेले स्कॅन त्याच्यासमोर ठेवतात आणि किती बरोबर आले ते मोजतात.

भारतातला यातला महत्त्वाचा अभ्यास बंगळूरच्या निम्हान्स या सरकारी संस्थेतल्या रुग्णांवर झाला. निम्हान्सचे डॉक्टर आणि कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे संशोधक यांनी मिळून केलेले हे काम जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सिझोफ्रेनियाचे ८१ रुग्ण आणि ९३ निरोगी लोक त्यात होते. विशेष म्हणजे या रुग्णांनी तोपर्यंत आजाराचे औषध घेतलेले नव्हते. हे फार महत्त्वाचे आहे. वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्याने मेंदूत बदल होऊ शकतात, आणि मग मशीन आजार ओळखते आहे की गोळ्या, हे कळायला मार्ग राहत नाही.

या सर्वांना मशीनमध्ये काही न करता शांत पडून राहायला सांगितले होते. त्या वेळी मेंदूच्या कोणत्या भागात ऑक्सिजनयुक्त रक्ताचा ओघ कसा कमी-जास्त होतो, याची नोंद फंक्शनल एमआरआय घेतो. मेंदूचे नकाशाप्रमाणे भाग पाडायचे आणि कोणते भाग एकत्र हलतात, कोणते एकमेकांपासून तुटल्यासारखे वागतात ते मोजायचे. असे भाग पाडायच्या अनेक पद्धती आहेत. या संघाने त्यातली एकच न निवडता अनेक नकाशे वापरून सगळ्यांचा मिळून निकाल काढला. अचूकता आली ८७ टक्के.

आकडा मोठा आहे, आणि काम प्रामाणिक आहे. पण व्हिडिओवाले जे सांगत नाहीत ते आता पाहू.

पहिली गोष्ट काट्याची. शेळीच्या व्यापाऱ्याचा अंदाज बरोबर की चूक ते काटा ठरवतो. मानसिक आजाराला असा काटा नाही. मशीनला जे "उत्तर" म्हणून दिले जाते, ते डॉक्टरने रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, लक्षणे पाहून काढलेले निदान असते. म्हणजे मशीन आजाराच्या मुळाशी पोहोचून काही शोधत नाही, ते डॉक्टरच्या निदानाची नक्कल करायला शिकते. निदान चांगले असेल तर नक्कलही चांगली. निदानात पूर्वग्रह असेल तर तोही शिकला जातो, आणि यंत्रातून बाहेर पडताना त्याच्यावर विज्ञानाचा शिक्का असतो.

दुसरी गोष्ट, प्रयोगात एका बाजूला स्पष्ट निदान झालेले रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत लोक असतात. दवाखान्यात असे कुणी येत नाही. तिथे डॉक्टरपुढचा प्रश्न असतो, की हा सिझोफ्रेनिया, की बायपोलर, की दारू सुटल्यावरचा भ्रम, की बाळंतपणानंतरचा आजार, की मुलगा गेल्याचे दुःख? निरोगी माणसापासून रुग्ण वेगळा काढणे हे त्या मानाने सोपे काम आहे. ते तर घरची आजीसुद्धा करते.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि ती तरुणांनी कागद-पेन घेऊन करून पाहावी. समजा दहा हजार वस्तीचे गाव आहे आणि त्यात असा आजार असलेले ५० लोक आहेत. मशीन रुग्ण आणि निरोगी दोन्ही बाजूंना १०० पैकी ८७ वेळा बरोबर सांगते असे धरू. सगळ्या गावाचा स्कॅन केला. ५० पैकी सुमारे ४४ रुग्ण सापडतील, ६ निसटतील. राहिलेल्या ९,९५० निरोगी लोकांपैकी १३ टक्के लोकांना मशीन चुकून रुग्ण ठरवेल, म्हणजे जवळजवळ १,२९३ जणांना. मशीनने बोट दाखवलेल्या तीस जणांमागे खरा रुग्ण एक! प्रयोगशाळेत निम्मे रुग्ण आणि निम्मे निरोगी असतात म्हणून ८७ टक्के उठून दिसतात. गावात तसे प्रमाण नसते. त्या संशोधकांनी सगळ्या गावाला तपासा असे कुठेही म्हटलेले नाही. पण उद्या एखाद्या कंपनीने कामावर घेण्याआधी किंवा विमा देण्याआधी असा स्कॅन मागितला, तर हा हिशेब आपल्याला पाठ असला पाहिजे.

२०११ साली जगभरातल्या संशोधकांसाठी एक स्पर्धा झाली होती. मुलांमधला एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागणे आणि अतिचंचलपणा, मेंदूच्या स्कॅनवरून ओळखायचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा संघ १९५ पैकी ११९ गुण मिळवून जिंकला. त्याच स्पर्धेत अल्बर्टा विद्यापीठाच्या संघाने १२४ गुण मिळवले होते, पण त्यांना विजेते धरले गेले नाही. कारण त्यांनी स्कॅन वापरलाच नव्हता! मुलाचे वय, मुलगा की मुलगी, डावखुरा की उजवा, बुद्ध्यांक किती, एवढ्या साध्या माहितीवर त्यांचा अंदाज स्कॅनवाल्यांपेक्षा सरस ठरला. निम्हान्ससोबत पुढे ज्यांनी काम केले त्यांच्यात याच संघातले लोक होते, म्हणजे स्कॅनच्या मर्यादा त्यांना चांगल्या ठाऊक होत्या. आम्हाला ही हकीकत फार आवडते. कोट्यवधींचे मशीन जे सांगत नाही ते कधी कधी शाळेच्या हजेरीपटात असते.

आता आपल्या समाजाशी थेट संबंध असलेला प्रश्न. मशीन शिकले कुणाच्या मेंदूवर?

उस्मानाबादी शेळीवर नजर बसलेल्या व्यापाऱ्यापुढे राजस्थानची सिरोही शेळी आणली तर त्याचा अंदाज चुकेल. दोष त्याचा नाही, त्याने ती पाहिलेलीच नाही. मेंदूच्या स्कॅनचे मोठे साठे अमेरिका आणि युरोपातले आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतले असे दोन मोठे साठे तपासले गेले. मेंदूच्या स्कॅनवरून माणसाच्या वागण्याबद्दल आणि क्षमतांबद्दल अंदाज बांधणारी मशीने गोऱ्या लोकांच्या मानाने आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या बाबतीत जास्त चुकत होती. नुसते त्यांचे स्कॅन वाढवून फरक काहीसा कमी झाला, पूर्ण गेला नाही.

आपल्याकडे तर साधी मोजणीच अपुरी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये निवडली गेली होती. त्यात महाराष्ट्र नव्हता. आपल्या शेतकरी आत्महत्यांची चर्चा देशभर होते, २०१५ साली बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळसोबत आपलाच जिल्हा निवडला जातो, पण देशाच्या मानसिक आरोग्याच्या आकड्यांत मराठवाडा नाही. ऊसतोडीला जाणारी बाई, तिचे लहानपणचे कुपोषण, तिची अर्धवट झोप, गावकुसाबाहेर वाढताना सोसलेला अपमान, हे सगळे शरीरावर आणि मेंदूवर काही ना काही खुणा ठेवत असणार. ज्या मशीनने तिच्यासारखी एकही बाई पाहिलेली नाही, ते त्या खुणांना आजार म्हणेल की आणखी काही?

शरीर मोजून माणसाची जागा ठरवायचा उद्योग आपल्याला नवीन नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड वंशाशी जोडली होती. १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गोविंद सदाशिव घुर्ये यांनी मांडलेली अशीच मापे घेतली आणि त्याच आकड्यांनी दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हे म्हणणे टिकत नाही. त्यांनी मोजमापाला शिव्या दिल्या नाहीत. आकडे मागितले, उलटतपासणी केली. मानसोपचाराचा इतिहासही धुतल्या तांदळासारखा नाही. १८५१ साली अमेरिकेतल्या सॅम्युएल कार्टराईट नावाच्या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याच्या इच्छेला मानसिक आजाराचे नाव दिले होते.

मशीनवर वेळेआधी विश्वास ठेवला तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ते आजाराच्या निदानाचे नसून गुन्ह्याच्या तपासाचे आहे, पण गोष्ट तीच. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप दिली. निकालात इतर पुराव्यांसोबत एका मेंदू-चाचणीचा आधार घेतला होता. डोक्याला तारा लावायच्या, गुन्ह्याची वाक्ये ऐकवायची आणि मेंदूतल्या विद्युतलहरी पाहून सॉफ्टवेअरने सांगायचे, की हा प्रसंग तिने स्वतः अनुभवला आहे. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अशा चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही असे म्हटले. पुढे ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की माणसाच्या संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची अशी चाचणी करता येणार नाही. चळवळीतल्या प्रत्येकाने हा निकाल नावानिशी लक्षात ठेवावा.

निदानाच्या बाबतीत आपल्या हातात आणखी भक्कम कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्याचे कलम ३ सांगते, की मानसिक आजार ठरवायचा तो देशात किंवा जगात मान्य असलेल्या वैद्यकीय निकषांवर. माणसाची राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती किंवा तो कोणत्या सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गटाचा आहे यावरून ठरवता येणार नाही. समाजात चालत आलेली नैतिक, सामाजिक, राजकीय मूल्ये किंवा धार्मिक श्रद्धा तो मानत नाही, या कारणावरूनही नाही. आंतरजातीय लग्नाचा हट्ट धरणाऱ्या मुलीला "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणून दवाखान्यात नेणाऱ्या घरच्यांना हे कलम वाचून दाखवायची वेळ आपल्या कार्यकर्त्यांवर येऊ शकते. कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. संशोधनासाठी कुणी तुमच्याकडे आले तर कलम ९९ प्रमाणे मोकळेपणाने आणि समजून दिलेली संमती लागते. स्कॅन कुठे साठवणार, कोणत्या कंपनीला देणार, आम्हाला निकाल कळवणार का, हे प्रश्न सही करण्याआधी विचारायचे. पटले तर जरूर भाग घ्यायचा. आम्ही संशोधनाच्या विरोधात नाही. उलट आपले लोक या अभ्यासांत आले नाहीत, तर उद्या येणारे मशीन आपल्यासाठी नसेल.

ते मशीन येईपर्यंत काय करायचे? निदान बोलूनच होते, आणि तेही सगळीकडे नीट होत नाही, कारण बोलायला माणूसच नसतो. भारतात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि आहेत ते शहरांत. तरीही मार्ग निघतात हे गोव्याने दाखवले. संगाथ संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या संघाने तिथल्या २४ आरोग्य केंद्रांत आणि दवाखान्यांत एक अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. आरोग्याचे आधी कोणतेही शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. १२ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण हुडकले, त्यांच्याशी बोलत राहिले, गरज पडेल तिथे डॉक्टर. सरकारी केंद्रांतले रुग्ण नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त प्रमाणात बरे झाले. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. स्कॅन नव्हता, मशीन नव्हते. आमचा कल उघड आहे. सरकारने पुढच्या दहा वर्षांत जिल्ह्याला एक हुशार मशीन द्यावे की प्रत्येक आरोग्य केंद्राला बोलणारी एक प्रशिक्षित व्यक्ती, असे विचारले तर आम्ही दुसरेच मागू.

देवऋषीचा प्रश्नही राहतोच. धर्मांतराला इतकी वर्षे झाली, घरात बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो आहेत, पण मुलाला कानात आवाज ऐकू यायला लागले की रात्रीच्या अंधारात कुणाला तरी गंडा-दोरा विचारायला जाणारे घर आपल्या वस्तीतही आहे. त्यांना हिणवून उपयोग नाही. दवाखान्यात पाच मिनिटे मिळतात, तो तासभर ऐकतो, हे त्याच्याकडे जाण्याचे खरे कारण आहे. तिथून निघालेला तोच घाबरलेला बाप उद्या "मेंदू स्कॅन, शंभर टक्के निदान" अशी पाटी लावलेल्या दुकानात जाऊ शकतो. कुणी अशी हमी देत असेल तर तो फसवतो आहे, हे आज ठामपणे सांगता येते.

कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येते. धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराची तपासणी होते. येडशीहून तिकडे जायला गाडी मिळतेच. जाताना रुग्णासोबत त्याच्या रोजच्या सहवासातला माणूस हवा, नुसता मोटारसायकल चालवणारा चुलतभाऊ नको. त्रास केव्हा सुरू झाला, झोप किती, जेवण किती, आवाज ऐकू येतात का, जीव द्यायचे बोलतो का, घरात आणखी कुणाला असे होते का, हे आदल्या रात्री कागदावर लिहून न्यावे. आधीची चिठ्ठी आणि संपलेल्या गोळ्यांची पाकिटेही न्यावीत. पैसे घालून काढलेली एमआरआयची फाईल घरात असेल तर तीही द्यावी. मेंदूत गाठ नाही एवढे तिने सांगितलेलेच आहे, आणि डॉक्टरला तेही कामाला येते.